ढिगाऱ्याचा पत्ता: भुज 2001 आणि मुंबईतले अल्बम

कच्छचा भूकंप झाला 26 जानेवारी 2001 रोजी, शुक्रवारी, सकाळी 8 वाजून 46 मिनिटांनी. भुज शहराच्या पडझडीचा मोठा दस्तऐवज आज मुंबईत पडून आहे. मुलुंड, घाटकोपर, मस्जिद बंदर, माटुंगा इथल्या कच्छी घरांतली माणसं त्यानंतरच्या दिवसांत गावी गेली. खांद्याला साधा रोलचा कॅमेरा, परत आल्यावर रोल कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये. ते 4×6 इंची प्रिंट अजून कपाटाच्या वरच्या फळीवर आहेत, आणि मागे फार तर ‘धरतीकंप’ एवढं लिहिलेलं असतं. कोणती गल्ली, कोणता दिवस, काही नाही. गल्ली आणि दिवस नसेल तर तो नुसता ढिगाऱ्याचा फोटो. भुजचा म्हणा, भचाऊचा म्हणा, किल्लारीचाही म्हणा.

दुसरीकडे वर्तमानपत्रांत तारीख असते, गावाचं नाव असतं. पण फोटो तीन कॉलमांत बसवण्यासाठी कापलेला आणि ओळ घाईत लिहिलेली. दोन्ही अर्धवट. म्हणून एकाची नोंद दुसऱ्यावर घासून पाहायची, हेच खरं काम. स्कॅनिंग हा त्यातला सोपा भाग, पण तिथेही नुकसान करून ठेवणारे बरेच असतात, म्हणून आधी तेच.

त्या काळातल्या अल्बमची पानं चिकट असायची, वर पारदर्शक प्लास्टिक. पंचवीस वर्षांत तो गोंद प्रिंटच्या पाठीत मुरलेला असतो. प्रिंट कोपऱ्याला धरून ओढू नका, मधोमध सुरकुती पडते आणि ती कायमची. प्लास्टिक उचलून दात साफ करायचा बारीक दोरा प्रिंटच्या मागून करवतीसारखा हळूहळू फिरवा. दोरा अडला तर थांबा आणि पान आहे तसंच अख्खं स्कॅन करा. दोन प्रिंट समोरासमोर चिकटले असतील तर सुके कधीच वेगळे करू नका. एकाचा रंग दुसऱ्याच्या अंगावर जातो. बुरशी ओल्या फडक्याने पुसली की पसरते. कोरड्या दिवशी, तोंडाला मास्क लावून, गॅलरीत मऊ ब्रशने झटकायची. हे सगळं मुंबईत नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच करा. जुलैत अल्बम उघडला की पानं अंगाला चिकटतात, आणि ‘नंतर बघू’ म्हणत पुन्हा तीन वर्षं जातात.

निगेटिव्ह मागून घ्या. लोक प्रिंट आणून देतात आणि निगेटिव्ह ‘टाकल्या असतील’ म्हणतात. त्या बहुतेक वेळा अल्बमच्या शेवटच्या खिशात किंवा लॅबच्या पाकिटात असतात. चार-चार किंवा सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या असतात आणि कडेला फिल्मचं नाव व फ्रेमचा आकडा छापलेला असतो: 12, 12ए, 13, 13ए. हा आकडा सोन्यासारखा आहे. प्रिंट अल्बममध्ये कशाही क्रमाने लावलेले असतात, निगेटिव्हवरचा क्रम मात्र फोटो काढणारा कसा चालत गेला तोच. 7 नंबरवर ओळखीचं देऊळ आणि 11 नंबरवर ओळखीचा नाका असेल, तर 8, 9, 10 या तीन अनोळखी भिंती बहुधा त्या दोघांच्या मधल्या रस्त्यावरच्या. बहुधाच, कारण माणूस मध्येच रिक्षात बसला असेल. म्हणून पट्टी कधी सुटी करू नका, आणि स्कॅनच्या नावात रोल, पट्टी, फ्रेम हा क्रम ठेवा: ‘रोल02_पट्टी03_फ्रेम11ए’. जागेचं नाव फाइलच्या नावात घालू नका. जागेबद्दलचं मत बदलतं, फ्रेमचा आकडा बदलत नाही.

आकडे असे. 4×6 चा प्रिंट 600 डीपीआयला (म्हणजे इंचाला 600 ठिपके) स्कॅन केला की 2400×3600 पिक्सेल मिळतात, टिफ फाइल सुमारे 26 एमबीची. प्रिंटमध्ये याहून जास्त तपशील नसतोच, त्यामुळे 1200 ला स्कॅन करणं म्हणजे फक्त हार्डडिस्क भरणं. निगेटिव्हला मात्र 2400 डीपीआय कमीत कमी, शक्यतो 4000. भेगांची रुंदी आणि दुकानाच्या पाटीवरची बारीक अक्षरं तिथेच हाती लागतात. मूळ प्रत टिफमध्ये, कोणतीही सुधारणा न करता. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधली धूळ काढणं, रंग परत आणणं, धार वाढवणं ही सगळी बटणं बंद ठेवा. धूळ काढणारं सॉफ्टवेअर बारीक भेगेला ओरखडा समजून बुजवतं. भूकंपाच्या फोटोतून भेग पुसली गेली तर उरलं काय!

तारखेकडे येऊ. प्रिंटच्या कोपऱ्यात केशरी आकड्यांत छापलेली तारीख पाहून आनंद होतो, पण ती कॅमेऱ्यातल्या घड्याळाची तारीख असते. सेल बदलला आणि घड्याळ पुन्हा लावलं नाही, की भलतंच वर्ष उमटतं. दिवस-महिना की महिना-दिवस हाही घोळ: ‘2 3 01’ म्हणजे 2 मार्च की 3 फेब्रुवारी? अख्ख्या रोलमधल्या तारखा लिहून काढा. कुठे ‘2 13’ किंवा ‘13 2’ आलं की क्रम कळला. प्रिंटच्या पाठीवर लॅबच्या मशीनने फिकट अक्षरांत फ्रेमचा आकडा आणि कधी तारीख छापलेली असते. ती रोल धुतल्याची, म्हणजे फोटो तिच्याआधीचा एवढंच सिद्ध होतं.

चित्रातही तारीख असते. पहिल्या दिवसांतल्या फोटोत गल्लीभर दगड पसरलेले दिसतात आणि माणसं ढिगाऱ्यावरूनच चालतात. नंतर मधून एक पायवाट, मग दोन्ही कडांना ढकललेले ढीग, म्हणजे जेसीबी येऊन गेला. पुढच्या महिन्यांतले फोटो सगळ्यांत फसवे. धोकादायक म्हणून पाडलेली इमारत आणि भूकंपात पडलेली इमारत नवख्याला सारखीच दिसते. गजांची टोकं सरळ कापलेली, भिंतीवर बादलीच्या दातांचे समांतर ओरखडे, मलबा एकाच बाजूला नीट ओढलेला: हे पाडकाम. अशा फोटोला ‘भूकंपाने कोसळली’ असं लिहिलं की पुढचे दहाजण तेच उचलतात.

आणि अंजार. अंजारला 21 जुलै 1956 रोजीही मोठा भूकंप झाला होता आणि 2001 मध्ये ते गाव पुन्हा उद्ध्वस्त झालं. मागे ‘अंजार, धरतीकंप’ एवढंच लिहिलेला कृष्णधवल प्रिंट 2001 च्या पाकिटात सापडला तर कागद आधी पाहा. 2001 मधले लॅबचे प्रिंट प्लास्टिकचा थर असलेल्या गुळगुळीत कागदावर असतात. जुना कागद जाड, कडा कधी नक्षीदार कापलेल्या, पाठ साध्या कागदासारखी.

आता वर्तमानपत्रं. मुंबईत बसून हे काम करता येतं त्याचं एक कारण म्हणजे गुजराती पत्रकारितेची मुळं इथेच आहेत. ‘मुंबई समाचार’ 1822 पासूनचा, ‘जन्मभूमि’ 1934 चा. भुजमधूनच निघणारं ‘कच्छमित्र’ हे त्याच जन्मभूमि समूहाचं. मराठीत ‘लोकसत्ता’, ‘महाराष्ट्र टाइम्स’, ‘सामना’, ‘नवाकाळ’ यांच्या त्या आठवड्यांच्या फायली पाहायच्या. मराठी दैनिकांतून चित्र मोठं दिसतं, गुजराती दैनिकांतून गल्ली दिसते. बातम्यांपेक्षा मोलाच्या असतात छोट्या जाहिराती आणि निवेदनं: अमुक पेढी आता अमुक ठिकाणी सुरू आहे, अमुक शाळेच्या पटांगणात मदतकेंद्र. ‘जुन्या जागेचा पत्ता’ असा एका ओळीत मिळाला की त्या नावाची पाटी असलेले फोटो जागेवर बसतात. मरणनोंदींत ‘गाम’ (मूळ गाव) आणि ‘हाल मुलुंड’ (सध्या मुलुंडला) असं दोन्ही असतं. त्यावरून कोणत्या घरात अल्बम असू शकेल याचा अंदाज येतो. मात्र ती नावं स्वतःच्या वहीपुरतीच, प्रसिद्ध करायची नाहीत.

फाइल चाळताना पहिली ठेच 27 जानेवारीला लागते. 26 जानेवारीला सुट्टी आणि दुसऱ्या दिवशी अंक नाही, असा बऱ्याच दैनिकांचा रिवाज. एवढी मोठी बातमी असल्यावर सुट्टी मोडली की नाही, हे दैनिकागणिक तपासायचं. अंक सापडला नाही तर ‘फाडून नेला’ म्हणून ग्रंथपालाशी वाद घालू नका. पहिल्या पानावर नावाखाली ‘वर्ष अमुक, अंक अमुक’ असं असतं. 28 तारखेचा अंक क्रमांक 26 च्या लगेच पुढचा असेल, तर मधला अंक निघालाच नव्हता. एक आकडा गळलेला असेल तर तो कुठेतरी आहे, शोधा. 26 तारखेचा सकाळचा अंक 8:46 च्या आधीच घरोघर पडलेला होता, त्यात काहीच नसणार हे सांगायला नको, तरी तोही पाहून ठेवा. आदल्या दिवशीचं भुज कसं होतं, याच्या जाहिराती त्यात असू शकतात.

दुसरी ठेच आवृत्तीची. डाक आवृत्ती लवकर छापायला जाते, शहर आवृत्ती उशिरा. एकाच तारखेच्या दोन अंकांत बळींचा आकडा वेगळा दिसतो तो त्यामुळे. म्हणून कात्रणाच्या नोंदीत दैनिक, तारीख, आवृत्ती, पान, कॉलम हे पाचही हवेत. आकडे ‘बरोबर-चूक’ करत बसू नका, ज्या दिवशी जो छापला तो त्या तारखेसकट लिहा. तीव्रतेचंच बघा: सुरुवातीला भारतीय हवामान खात्याचा 6.9, अमेरिकी संस्थेचा 7.9, आणि नंतर स्थिरावला तो 7.7 च्या आसपास. केंद्रही आधी भुजच्या जवळ सांगितलं गेलं, पुढे ते बरंच पूर्वेला, भचाऊच्या उत्तरेला सरकलं. गुजरात सरकारचा मृतांचा आकडा शेवटी 13,805 वर आला. पहिल्या आठवड्यातलं कात्रण ‘6.9’ म्हणतं म्हणून ते खोटं ठरत नाही, ते त्या दिवसाचं आहे एवढंच.

बांधीव फायली एशियाटिकसारख्या जुन्या ग्रंथालयांत किंवा दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात पाहायच्या तर परवानगी आधी, फ्लॅश कधीच नाही. वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातल्या लिग्निनमुळे पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. फाइल 180 अंशांत उघडून काचेखाली दाबली की शिवणीजवळचा कॉलम फाटतो. दोन्ही बाजूंना फोमचे उतार ठेवून 110-120 अंशांवर उघडा आणि एकेक पान वेगळं टिपा. मोठ्या आकाराचं पान ए-4 स्कॅनरवर मावत नाही, म्हणून कॅमेराच बरा. 55 सेंमी उंचीचं पान 6000 पिक्सेलच्या लांब कडेत बसवलं की सुमारे 277 डीपीआय पडतं, वाचायला पुरेसं. दोन दिवे दोन्ही बाजूंनी 45 अंशांवर, पानामागे काळा कार्डपेपर, म्हणजे पाठीमागची छपाई पुढे उमटत नाही. पान फारच पिवळं असेल तर फाइलचा फक्त लाल चॅनल पाहा, पिवळेपणा जवळजवळ नाहीसा होतो आणि अक्षरं उठतात.

छापील फोटो म्हणजे ठिपक्यांची जाळी, वर्तमानपत्रात इंचाला 85-100 ओळींची. 200 डीपीआयला स्कॅन केलं की लाटांची नक्षी उमटते. 600 ला करा आणि मग लहान करा. मोठं करून भेग मोजायचा प्रयत्न करू नका. ठिपक्यांत नसलेली भेग डोळा तयार करतो. कात्रणांना सेलोटेप लावली असेल तर ती काढायला जाऊ नका.

ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) गुजरातीत आणि मराठीत बऱ्यापैकी चालतं, पण आकड्यांवर विश्वास नको. 2001 मधली दैनिकांची संकेतस्थळं युनिकोडपूर्व फाँटमध्ये होती, त्यांचं जतन केलेलं पान शोधयंत्राला दिसतच नाही. शोधताना ‘भुज’ आणि ‘भूज’ दोन्ही टाका. आणि गुजराती बातमीत ‘काटमाळ’ शोधा. आपल्याकडे ज्याला राडारोडा किंवा सरळ डेब्रिज म्हणतात, तो हा शब्द.

मग जागा. पाट्या सर्वांत उपयोगी. गुजरातीला शिरोरेघ नाही, पण देवनागरी येणाऱ्याला निम्मी अक्षरं जमतात. क, ख, च, ज, फ, ब एवढी वेगळी शिकून घेतली की दुकानांची नावं लागतात. वर्तमानपत्रात कधीकधी निगेटिव्ह उलटी छापली जाते, ती पाट्यांवरून लगेच कळते. पाटी नसेल तर गाडीचं स्टिअरिंग, पुरुषांच्या शर्टाचा खिसा (डावीकडे) पाहा. साडीचा पदर पाहून ठरवू नका! मराठी डोळ्याला उजव्या खांद्यावरचा पदर उलटा वाटतो, पण गुजराती पदर उजव्या खांद्यावरूनच पुढे येतो. फोटो बरोबर आहे, आपली सवय आड येते.

पाटीही नसेल तर सावली. भुजचं रेखांश सुमारे 69.7 अंश पूर्व, आपलं घड्याळ चालतं 82.5 वर. त्यामुळे जानेवारीअखेर भुजला सूर्य माथ्याच्या रेषेवर येतो तो 12 वाजता नव्हे, सुमारे 1 वाजून 4 मिनिटांनी. तेव्हा सावली थेट उत्तरेला आणि उंचीच्या 0.9 पट. सकाळी सावली वायव्येकडे, दुपारनंतर ईशान्येकडे झुकते. या दिवसांत सूर्य दिवसभर दक्षिणेच्या बाजूलाच राहतो, म्हणजे उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीवर ऊन पडतच नाही. यावर एक उदाहरण: फोटोत गल्लीच्या डाव्या हाताच्या घरांवर लख्ख ऊन आहे, उजवीकडची सावलीत आहेत. गल्ली पूर्व-पश्चिम असल्याचं नकाशावरून ठाऊक असेल, तर ऊन असलेली बाजू दक्षिणमुखी, म्हणजे ती गल्लीच्या उत्तर कडेला. डावा हात उत्तरेला, म्हणजे फोटो काढणारा पूर्वेकडे तोंड करून उभा होता. आता पुढे दिसणारा मनोरा प्रागमहाल राजवाड्याचा की आणखी कशाचा, हे नकाशावर पट्टी ठेवून ठरवता येतं. हे सगळं फुकट जातं ते फोटो उलटा छापला असेल तर, म्हणून उलटेपणाची तपासणी आधी आणि सावली नंतर.

नकाशा आजचा घेऊ नका. भूकंपानंतर जुन्या कोटाच्या आतली नगररचना नव्याने झाली, रस्ते रुंद केले, त्यामुळे 2001 ची गल्ली आज रस्त्याच्या मधोमध असू शकते. पत्ता जुन्या खुणांनी लिहा: नाका, देऊळ, हमीरसर तलावाची कोणती बाजू. अक्षांश-रेखांश द्यायचे तर ‘इतक्या मीटरच्या आत’ हे सोबत द्या. खात्री नसेल तर 200 मीटर लिहा, लाजू नका.

नुकसानाची प्रत लावताना युरोपीय मोजपट्टी, ईएमएस-98, सोयीची आहे. पाच पायऱ्या: (1) केसाएवढ्या भेगा; (2) बऱ्याच भिंतींना भेगा आणि गिलाव्याचे मोठे तुकडे पडलेले; (3) मोठ्या, सर्वदूर भेगा; (4) भिंती कोसळलेल्या, अंशतः पडझड; (5) पूर्ण किंवा जवळपास पूर्ण नाश. एका फोटोवरून ‘3’ लिहू नका, ‘किमान 3’ लिहा. मागची भिंत कुणी पाहिली? दोन खिडक्यांच्या मधल्या पट्ट्यावर फुलीसारखी भेग म्हणजे भिंत आडव्या हादऱ्यात दोन्ही दिशांना ओढली गेली. कोपऱ्यात वरून खाली उभी भेग म्हणजे दोन भिंती एकमेकींपासून सुटल्या. जुन्या भुजमधली दगडी भिंत दोन पदरांची, मध्ये भरणी. आरपार जाणारे दगड नसले की बाहेरचा पदर सोलल्यासारखा पडतो आणि आतली खोली जशीच्या तशी दिसते, कपाटासकट. किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे अशाच भिंती होत्या, वर मातीच्या माळवदाचं ओझं. अहमदाबादच्या फ्लॅटांची कथा वेगळी: खाली पार्किंगसाठी नुसते खांब, वर भिंतींनी भरलेले मजले. खालचा मजला चिरडला जातो आणि वरचे मजले जवळपास अखंड खाली बसतात. फोटोत मजले मोजून घ्या. पाचमजली इमारत ‘चारमजली, तडे गेलेली’ म्हणून नोंदली जाते ती इथेच.

भेग जुनी की नवी हे मुंबईकराला शिकवायला नको, पण नजर इथल्या भेगांची असते. गजाच्या रेषेत सरळ जाणारी, गंजाचा डाग असलेली भेग ही पावसाची. आत रंग किंवा चुना गेलेली, कडा गोलावलेली भेग भूकंपाआधीची. ताज्या भेगेच्या कडा धारदार, आत स्वच्छ, खाली पांढरी पूड. उद्या कधी मुंबईतच (2016 च्या भूकंप-नकाशात मुंबई झोन 3, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात होती) असं दस्तऐवजीकरण करावं लागलं तर हा फरक फोटोत दिसायला हवा: आधी पूर्ण इमारत, मग मजला, मग भेग, आणि भेगेशेजारी शाळेतली 15 सेंमीची पट्टी. नाणं ठेवू नका. जुना स्टीलचा रुपया 25 मिमीचा, 2011 मध्ये आलेला 22 चा. वीस वर्षांनी बघणाऱ्याला कोणता ते कळत नाही.

एक तक्रार सगळ्याच संग्रहांबद्दल. वर्तमानपत्र सर्वांत वाईट पडलेली इमारत छापतं, नातेवाईक स्वतःच्या पडलेल्या घराचा फोटो काढतात. उभ्या राहिलेल्या घरांचे फोटो कुणी काढलेच नाहीत. पण दहा घरांपैकी आठ पडली की दोन, यावरच तर हादऱ्याचा जोर ठरतो. म्हणून प्रत्येक फोटोच्या कडेला, पार्श्वभूमीला, लांबवर जे उभं दिसतंय तेही नोंदवा: ‘मागे उजवीकडे तीनमजली, बाहेरून शाबूत’. या ओळी कंटाळवाण्या असतात आणि अभ्यासकाला नेमक्या त्याच लागतात. शब्द ‘बाहेरून शाबूत’ असाच हवा.

मृतदेह किंवा ओळखू येणारे चेहरे असलेल्या फ्रेम स्कॅन करा, पण वेगळ्या बंद फोल्डरमध्ये ठेवा. फोटोचा हक्क काढणाऱ्याचा, आणि आताच्या कायद्याने त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो; अल्बम ज्याच्या घरी आहे तोच फोटोग्राफर असतो असं नाही, विचारा. तीन प्रती ठेवा, एक मुंबईबाहेर.

प्रिंटच्या पाठीवर काही लिहू नका. त्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही आणि बॉलपेनची शाई दुसऱ्या प्रिंटवर उतरते. क्रमांक पाकिटावर घाला. अल्बम परत करताना तुम्ही ठरवलेल्या जागांची यादी मोठ्या अक्षरांत छापून सोबत द्या आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला वाचून दाखवा. ‘ही आमची गल्ली नाही, ही पलीकडची’ हे तेव्हाच ऐकायला मिळतं. त्या वेळी जुनी नोंद खोडू नका. खाली नवी ओळ घाला, कोणी, केव्हा सांगितलं त्यासह.